लहान दुर्बिणी आणि कृत्रिम चंद्र

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएट रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला, तेव्हा जगाला त्याची ओळख प्रथम कानांनी झाली. रेडिओच्या खरखरीतून उमटणारा तो ‘बीप, बीप’ असा आवाज पुढे कित्येक दिवस घरोघरी ऐकला गेला. स्पुटनिकचा तो गोळा अवघा ५८ सेंटिमीटर व्यासाचा होता आणि त्याचे वजन ८४ किलोग्रॅमच्या आतच होते. त्यातील विद्युत्घट तीन आठवड्यांत संपले आणि २६ ऑक्टोबरला तो मुका झाला. मुका झाला, पण नाहीसा झाला नाही. ४ जानेवारी १९५८ पर्यंत तो पृथ्वीभोवती घिरट्या घालीतच होता. ज्याची हाक बंद पडली आहे अशा वस्तूचा माग काढावयाचा, तर डोळ्यांखेरीज दुसरे सोपे साधन कोणते? आज मी ज्या माणसांविषयी बोलणार आहे, ती माणसे म्हणजे हे डोळे. त्यांपैकी बहुतेकांचा खगोलशास्त्र हा व्यवसाय नव्हता. कोणी शाळकरी मुले होती, कोणी गृहिणी, कोणी निवृत्त कर्मचारी, कोणी दिवसभर कारखान्यात काम करून रात्री गच्चीवर येणारे होते.

असे काम थोरल्या वेधशाळांनी करावे, हौशी लोकांचे तेथे काय काम, अशी शंका आपल्या मनात येईल. परंतु गंमत अशी की, या कामी मोठी दुर्बीण जवळजवळ निरुपयोगी ठरते. दुर्बीण जितकी मोठी, तितके तिला दिसणारे आकाश साधारणपणे लहान. एखाद्या थोर दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात पौर्णिमेचा चंद्रदेखील पुरता मावत नाही. आता पाचशे किलोमीटर उंचीवरून जाणारा उपग्रह घ्या. त्याचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक. तो डोक्यावर आला म्हणजे एका सेकंदात सुमारे एक अंश, म्हणजे दोन पूर्णचंद्रांइतके अंतर कापतो. मोठ्या दुर्बिणीसमोरून तो निमिषार्धात निघून जाईल, आणि तो गेला हे पाहणाऱ्याला कळणारही नाही. त्यातून तो केव्हा व कोठून येणार हे आधी ठाऊक नसेल, तर शोधच खुंटला. येथे हवी असते ती आकाशाचा मोठा तुकडा एकदम दाखविणारी, बेताच्या शक्तीची लहान दुर्बीण; आणि तिच्यामागे न कंटाळता बसून राहणारा माणूस.

ही गोष्ट अमेरिकेतील ज्योतिर्विद फ्रेड व्हिपल यांनी अचूक हेरली. धूमकेतू म्हणजे धुळीने माखलेला बर्फाचा गोळा होय, हा सिद्धांत मांडणारे ते हेच व्हिपल. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, म्हणजे जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ या काळात, कृत्रिम उपग्रह सोडण्याचे ठरले होते. स्मिथ्सोनियन वेधशाळेचे संचालक या नात्याने त्या उपग्रहांचा दृष्टीने मागोवा घेण्याचे काम व्हिपल यांच्याकडे आले. त्यासाठी बेकर-नन नावाचे प्रचंड कॅमेरे बनविण्यास त्यांनी दिले, आणि त्याबरोबरच १९५६ साली हौशी निरीक्षकांचे एक जाळे उभारावयास घेतले. त्याचे नाव ‘मूनवॉच’. आपण त्याला चंद्रपहारा म्हणू. कित्येक तज्ज्ञांना ही कल्पना मुळीच रुचली नाही. हौशी मंडळी उत्साहाच्या भरात पक्ष्यांना आणि विमानांना उपग्रह समजतील, त्यांच्या आकड्यांवर विसंबून कक्षेचे गणित कसे करावयाचे, असा त्यांचा आक्षेप होता. तो अगदीच अनाठायी होता असेही नव्हे. परंतु व्हिपल यांचा भरवसा एकेका माणसाच्या डोळ्यांवर नव्हता, तो रांगेवर होता.

ही रांग कशी असे ते सांगतो. मोकळ्या जागी दक्षिणोत्तर दिशेने ओळीने टेबले मांडीत. प्रत्येक टेबलावर एक छोटी दुर्बीण. तिची काच पाच सेंटिमीटर रुंदीची, शक्ती पाचसहापट, पण दृष्टिक्षेत्र बारा अंशांचे. पुढे तिरपा आरसा बसविलेला असल्याने निरीक्षकाला मान वर करावी लागत नसे. वाचीत बसल्याप्रमाणे खाली पाहिले की आकाश दिसे. शेजारच्या दोन दुर्बिणींची क्षेत्रे एकमेकांवर थोडी चढलेली असत, आणि अशा रीतीने डोक्यावरच्या मध्यमंडलावर, उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत, दृष्टीचे एक अखंड कुंपण तयार होई. मधोमध एक उंच खांब रोवलेला. उपग्रह कोठूनही आला तरी हे कुंपण ओलांडल्यावाचून त्याला जाता येत नसे. तो खांबाच्या रेषेवर आला की ज्याच्या दुर्बिणीत तो दिसला तो निरीक्षक ओरडे. त्याचा आवाज आणि रेडिओवरून येणारे प्रमाणवेळेचे ठोके एकाच ध्वनिफितीवर नोंदले जात. नंतर फीत पुनःपुन्हा ऐकून क्षण निश्चित करावयाचा, आणि तो तारेने किंवा दूरध्वनीने वेधशाळेस कळवावयाचा. सरावासाठी रात्री विमानातून दिवा फिरवून खोटा उपग्रहही दाखवीत असत!

यात एक मर्म आहे. निरीक्षकाला दिसले काय, तर सरकणारा एक ठिपका. त्या ठिपक्याला रूप नाही, आकार नाही. तरी त्याची किंमत आहे, कारण त्याच्याबरोबर तीन गोष्टी नोंदल्या गेल्या आहेत: पाहणारा कोठे उभा होता, ठिपका आकाशात नेमका कोठे होता, आणि तेव्हा वेळ काय होती. यांपैकी एकही गोष्ट ढिली असेल तर उरते ती केवळ हकिकत. वेळ दशांश सेकंदाने चुकली तर ठिपक्याची जागा दशांश अंशाने चुकते. म्हणून या मंडळींच्या हातात दुर्बीण जितकी महत्त्वाची, तितकेच घड्याळही महत्त्वाचे.

मात्र पहिला उपग्रह आला तो ठरल्याप्रमाणे आला नाही. सारी तयारी अमेरिकन उपग्रहासाठी होती. तो विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस सुमारे चौतीस अंशांपर्यंत फिरणार होता आणि १०८ मेगासायकलवर बोलणार होता. स्पुटनिक उत्तर-दक्षिण पासष्ट अंशांपर्यंत हिंडत होता आणि २० व ४० मेगासायकलवर बोलत होता. अमेरिकनांनी मोठ्या खर्चाने उभारलेली रेडिओकेंद्रे त्याला ऐकूच शकली नाहीत. त्यांची यंत्रे घाईघाईने बदलावी लागली. बेकर-नन कॅमेऱ्यांपैकी पहिलाच जेमतेम तयार होत होता. अशा वेळी टेबले मांडून बसलेली ही हौशी माणसे उपयोगी पडली. चंद्रपहाऱ्यातील पहिली निरीक्षणे ऑस्ट्रेलियातील सिडनी आणि वूमेरा येथील गटांकडून ८ ऑक्टोबरला आली. लोकांना नुसत्या डोळ्यांनी दिसत होता तो मात्र स्पुटनिक नव्हता. त्याला वर नेऊन त्याच्यामागोमाग फिरणारा अग्निबाण होता. तो गोळा स्वतः इतका मंद होता की दुर्बिणीवाचून त्याचे दर्शन फारच कठीण. आम्ही स्पुटनिक पाहिला होता, असे सांगणारे वडीलधारे बहुधा त्या अग्निबाणाविषयीच बोलत असतात. त्यांच्या आनंदात त्यामुळे काही उणे येत नाही!

पुढे बेकर-नन कॅमेरे जगात बारा ठिकाणी बसविण्यात आले. त्यांपैकी एक आपल्या नैनितालच्या वेधशाळेत होता. वेणू बाप्पू हे त्या वेळी तेथील संचालक होते. हिमालयाच्या त्या डोंगरावरून कित्येक वर्षे उपग्रहांची छायाचित्रे घेतली गेली. ताऱ्यांच्या ठिपक्यांमध्ये उपग्रहाची जागा हे कॅमेरे फार सूक्ष्मपणे दाखवीत. परंतु कॅमेरा कोणत्या दिशेला, कोणत्या क्षणी रोखावयाचा हे आधी कळावे लागे, आणि नव्या किंवा हरवलेल्या उपग्रहाच्या बाबतीत ते कळे ते पुष्कळदा चंद्रपहाऱ्याच्या टेबलांवरूनच. थोर यंत्राला वाट दाखवावयाची ती लहान दुर्बिणीने, असा हा उलटा न्याय होता.

या साऱ्या खटाटोपातून हाती काय आले? उपग्रह आज अमुक वेळी आला, उद्या काही सेकंद लवकर आला, परवा आणखी लवकर. एवढ्याशा फरकांतून फार मोठी माहिती निघाली. इतक्या उंचीवरही हवेचा अत्यंत विरळ अंश असतो. तो उपग्रहाला अडवितो, उपग्रह खाली उतरतो, आणि खाली उतरला की त्याची फेरी आखूड होते. म्हणजे फेरीची वेळ मोजणे हे तेथील हवा मोजण्यासारखेच झाले. स्मिथ्सोनियन वेधशाळेतील लुइजी याकिया यांच्या ध्यानात आले की ही हवा स्थिर नाही. सूर्य खवळला की ती फुगते आणि उपग्रहांना अधिक अडविते. इंग्लंडात डेझमंड किंग-हीली यांनी दुर्बीण आणि विरामघड्याळ घेऊन बसणाऱ्या स्वयंसेवकांच्या निरीक्षणांचा अनेक वर्षे असाच उपयोग केला. पृथ्वी ध्रुवांशी किती चपटी आहे हा जुना प्रश्नही उपग्रहांच्या कक्षांनी नव्याने सोडविला. पूर्वी हा चपटेपणा २९७ भागांत एक भाग मानीत; तो २९८ भागांहून किंचित अधिकात एक भाग ठरला. फरक शंभर मीटरांच्याही आतला. पण पृथ्वीएवढ्या वस्तूच्या मापात शंभर मीटर शोधून काढावयाचे म्हणजे काय, याचा विचार करावा.

सूर्य खवळला की वरची हवा फुगते, हे वाक्य ऐकावयास पुस्तकी वाटते. परंतु १९७९ चा उन्हाळा ज्यांना आठवतो, त्यांना त्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. स्कायलॅब ही अमेरिकेची अवकाशातील प्रयोगशाळा आणखी काही वर्षे वर टिकेल असा अंदाज होता. सूर्य अपेक्षेहून अधिक क्रियाशील झाला, हवा फुगली, आणि ती भराभर खाली येऊ लागली. भारतात तेव्हा केवढी घबराट उडाली होती! ती आपल्याच गावावर पडणार अशा बोलवा गावोगाव उठल्या होत्या. ११ जुलैला ती हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडली.

भीती सर्वस्वी निराधार नव्हती, हे अमेरिकेतील मॅनिटोवॉक या गावाने आधीच पाहिले होते. १९६० च्या मे महिन्यात सोडलेला स्पुटनिक-४ परत उतरविताना त्याची दिशा चुकली आणि खाली येण्याऐवजी तो अधिकच वर गेला. दोन वर्षांनी त्याचा मोठा भाग खाली येत असल्याची चिन्हे दिसू लागली. जवळच्या मिलवॉकी शहरातील चंद्रपहाऱ्याचा गट त्याच्यावर नजर ठेवून होता. ५ सप्टेंबर १९६२ च्या पहाटे तो भाग जळत, तुटत जाताना या मंडळींनी पाहिला. त्याच पहाटे मॅनिटोवॉकच्या रस्त्यात दोन पोलिसांना धातूचा एक तुकडा रुतलेला आढळला. कोणी तरी टाकलेले भंगार असेल असे समजून त्यांनी आधी त्याच्याकडे दुर्लक्ष केले. वार्ता कानी आल्यावर ते परत गेले. तो तुकडा सुमारे नऊ किलोग्रॅमचा होता. आकाशात पाहिलेल्या प्रकाशाची रस्त्यावर पडलेल्या लोखंडाशी सांगड घालता आली, ती पहाटे जागलेल्या त्या माणसांमुळे.

पृथ्वीच्या जवळून फिरणाऱ्या उपग्रहांविषयी हे झाले. माणसे चंद्राकडे निघाली तेव्हा हौशी निरीक्षकांनी आपल्या दुर्बिणी तिकडेही वळविल्या. अपोलो यान आपल्या शेवटच्या अग्निबाणापासून सुटे झाले म्हणजे त्याला झाकणारी चार पाखे निखळून दूर होत. यान, अग्निबाण आणि गिरक्या घेणारी ती पाखे असा लहानसा तांडा चंद्राकडे चाललेला असे, आणि त्यातील एखादा ठिपका मधूनच चमके व मधूनच विझे. लाखो किलोमीटरांवरून यानाचा आकार दिसणे शक्यच नव्हते. दिसे तो केवळ परावर्तित सूर्यप्रकाशाचा कण.

यातील एक प्रसंग मला विसरता येत नाही. १३ एप्रिल १९७० ची रात्र. अपोलो-१३ पृथ्वीपासून सव्वातीन लाख किलोमीटरांच्या आसपास पोहोचले होते. ह्यूस्टन येथे काही हौशी मंडळी दुर्बिणीला दूरचित्रवाणीचा पडदा जोडून यानाची वाट न्याहाळीत होती. एकाएकी पडद्यावर एक पांढरा डाग उमटला आणि बघता बघता पसरत गेला. पडद्यात काही बिघाड असावा, असे त्यांना वाटले! वस्तुतः यानातील प्राणवायूची टाकी फुटली होती. बाहेर पडलेला वायू अवकाशात पसरला, सूर्यप्रकाशात उजळला, आणि जे यान स्वतः जेमतेम ठिपक्याएवढे दिसत होते त्याच्याभोवतीचा तो ढग पृथ्वीवरून दिसला. यानातील तिघांनी खिडकीतून जे बाहेर उडताना पाहिले, तेच ही माणसे एका इमारतीच्या छपरावरून पाहत होती, आणि आपण काय पाहतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते. मला या गोष्टीत त्यांचा कमीपणा दिसत नाही. नवीन काही दिसले म्हणजे आधी आपल्या यंत्रावर संशय घ्यावा, हीच निरीक्षकाची पहिली शिस्त आहे. तिने त्या रात्री त्यांना चकविले, एवढेच. तिघेही अंतराळवीर १७ एप्रिलला सुखरूप परतले.

चंद्रपहारा १९७५ साली बंद करण्यात आला. रडार आणि यंत्रे यांनी त्याचे काम आपल्याकडे घेतले होते. भारताचा आर्यभट त्याच वर्षी आकाशात गेला. पण निरीक्षक घरी बसले नाहीत. त्यांना एक नवे, काहीसे अवघड कार्य सापडले होते. ते म्हणजे जे उपग्रह लपविले जातात त्यांचा शोध. इंग्लंडातील केटरिंग येथील एका शाळेत जेफ्री पेरी हे शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांकडून उपग्रहांचे रेडिओसंदेश टिपून घेत. १९६६ साली एका सोव्हिएट उपग्रहाच्या वेळा जुळेनात. त्यावरून या मुलांनी व त्यांच्या गुरुजींनी ताडले की रशियाने उत्तरेकडे दुसरेच प्रक्षेपणकेंद्र सुरू केले आहे. ते प्लेसेत्स्क होय. सोव्हिएट सरकारने ते जाहीरपणे मान्य केले १९८३ साली! येथे डोळ्यांऐवजी कान होते; पद्धत मात्र तीच, स्थळ आणि वेळ.

२२ एप्रिल २०१० रोजी अमेरिकन वायुदलाने एक्स-३७बी हे चालकविरहित पंखधारी यान सोडले आणि ते कोठे आहे हे सांगण्याचे नाकारले. महिन्याभरातच दक्षिण आफ्रिका आणि कॅनडा येथील हौशी निरीक्षकांनी ते हुडकले, आणि त्याची कक्षा प्रसिद्ध केली. जुलैअखेर यानाने कक्षा बदलली, तेव्हा ते काही काळ हरवले. ऑगस्टमध्ये पुन्हा सापडले. अशा प्रकटीकरणाने राष्ट्रांच्या सुरक्षिततेला बाधा येते, असे म्हणणारे आहेत. मलाही हा प्रश्न सरळसोट वाटत नाही. तथापि ज्यांच्यापासून लपवावयाचे ती राष्ट्रे स्वतःची रडारे बाळगून आहेत. घराच्या गच्चीवरून दिसणारी वस्तू त्यांना दिसत नसेल, हे संभवत नाही. मग ती दडवून ठेवली जाते कोणापासून? अवकाशात सोडलेल्या वस्तूंची नोंद संयुक्त राष्ट्रांकडे करावी असा करार १९७६ पासून अमलात आहे. ती नोंद खरी की अपुरी, हे ताडून पाहणारे तटस्थ साक्षीदार असावेत, हे मला व्यक्तिशः बरे वाटते.

आपणांपैकी कोणास हा छंद लावून घ्यावासा वाटला, तर सुरुवात आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकापासून करावी. ते सुमारे चारशे किलोमीटरांवरून फिरते आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सर्वत्र दिसते. सूर्यास्तानंतरचे किंवा सूर्योदयापूर्वीचे तास दीड तास ही त्याची वेळ. कारण तेव्हा आपण अंधारात असतो आणि ते उन्हात असते. मध्यरात्रीच्या सुमारास तेही बहुधा पृथ्वीच्या सावलीत बुडालेले असते. ते दोन ओळखीच्या ताऱ्यांमधून जाईल तो क्षण विरामघड्याळावर पकडावा, आणि एका ताऱ्यापासून ते किती अंतरावरून गेले हे नोंदवावे. प्रमाणवेळेबाबत मात्र सावध राहावे. पूर्वी आकाशवाणीच्या ठोक्यांवर घड्याळ लावता येई; आता तोच आवाज भ्रमणध्वनीवर ऐकू आला तर तो काही सेकंद उशिरा आलेला असतो, आणि तेवढ्यात अवकाशस्थानक पंचवीसतीस किलोमीटर पुढे गेलेले असते. पुढे मंद उपग्रह पाहावयाचे तर पन्नास मिलिमीटरची जोडदुर्बीण पुरते. मे २०१९ पासून एकेका उड्डाणात साठसाठ उपग्रह सोडले जाऊ लागले, आणि संध्याकाळच्या आकाशात आता त्यांची एवढी दाटी झाली आहे की, पूर्वी ठिपका सापडत नसे आणि आता आपला ठिपका कोणता हे ओळखणे कठीण झाले आहे.

कधी कधी असा ठिपका फार जुना निघतो. ३ सप्टेंबर २००२ रोजी एका हौशी निरीक्षकाला लघुग्रहासारखी एक मंद वस्तू सापडली. गणित केल्यावर ती सूर्याभोवती नव्हे, तर पृथ्वीभोवती फिरत असल्याचे आढळले. पृथ्वीला दुसरा चंद्र मिळाला की काय, अशी चर्चा काही दिवस चालली. पुढे तिच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला, तेव्हा त्यात अपोलोच्या अग्निबाणांना देत असत त्या पांढऱ्या रंगाची खूण दिसली. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ ला चंद्राकडे ढकलून दिल्यावर त्याच्या अग्निबाणाचा तिसरा टप्पा भरकटत गेला होता. तोच हा, असा ज्योतिर्विदांचा निष्कर्ष झाला. तो पृथ्वीभोवती काही फेऱ्या घालून जून २००३ मध्ये पुन्हा सूर्याभोवतीच्या मार्गाला लागला.